पाच वेधशाळांचा धडा: सॉफ्टवेअरचा सेटअप पुन्हा तसाच उभा करणारे साधन कसे निवडावे

१. विषयप्रवेश

जयपूरचा राजा सवाई जयसिंह याने ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ या आपल्या खगोलीय कोष्टकांच्या प्रस्तावनेत पितळी यंत्रांचे दोष एकेक करून सांगितले आहेत. यंत्रे लहान असल्यामुळे अंशांचे कलांमध्ये विभाग पाडता येत नाहीत, आस झिजतो आणि डळमळतो, वर्तुळाचा मध्य जागचा हलतो, पातळी ढळते. म्हणून त्याने दगड-चुन्याची भव्य यंत्रे बांधायला घेतली. सुरुवात १७२४ मध्ये दिल्लीत झाली. पुढे जयपूर, मथुरा, वाराणसी आणि उज्जैन इथेही वेधशाळा उभ्या राहिल्या. एवढ्या ठिकाणी बांधण्याचे कारणही त्याने नोंदवले आहे: एका ठिकाणच्या वेधांची दुसऱ्या ठिकाणी खातरजमा व्हावी.

त्याच जयपुरात आज सीतापुऱ्यापासून महिंद्रा सेझपर्यंत सॉफ्टवेअर लिहिले जाते, आणि जयसिंहाची तक्रार तिथल्या प्रोग्रॅमरलाही ओळखीची वाटेल. एका लॅपटॉपवर चालणारा प्रकल्प दुसऱ्यावर उभा राहत नाही, किंवा सहा महिन्यांनी त्याच लॅपटॉपवरही उभा राहत नाही. त्यावर उपाय म्हणून आज डझनावारी साधने मिळतात: डॉकर, कोंडा, निक्स, गीक्स, मीझ, व्हेग्रंट. यांतले कोणते घ्यावे, हा या लेखाचा विषय आहे. माझे प्रतिपादन असे की निवड साधनाच्या लोकप्रियतेवरून न करता एका प्रश्नावरून करावी: हे साधन उभ्या सेटअपची नक्कल जपते, की तो उभा करण्याची कृती जपते? आणि कृती जपत असेल, तर ठिकाणागणिक काय बदलायचे हे तिच्यात स्पष्ट लिहिलेले असते का?

२. व्याख्या आणि थर

आपण लिहिलेला कोड सोडून तो चालायला जे जे लागते, त्या सगळ्याला इथे सेटअप म्हटले आहे. त्याचे पाच थर पडतात. सर्वांत वर भाषेची पॅकेजे, म्हणजे पायथनमधले जॅंगो किंवा जावास्क्रिप्टमधले रिअ‍ॅक्ट. त्याखाली भाषेचा स्वतःचा रनटाइम. तिसरा थर सिस्टिम लायब्रऱ्यांचा: जीलिबसी, ओपनएसएसएल, डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी, कंपायलर. चौथा थर शेजारी चालणाऱ्या सेवांचा, उदाहरणार्थ पोस्टग्रेस किंवा रेडिस. सर्वांत खाली ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल आणि प्रोसेसर. टाइम झोन, लोकेल आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल हे या पाचही थरांना आडवे छेदून जातात.

‘पुन्हा तसाच’ या अटीच्याही तीन पायऱ्या आहेत. पहिली, प्रोग्रॅम चालतो आणि चाचण्या पास होतात. दुसरी, प्रत्येक थरातली आवृत्ती तीच आहे. तिसरी, बिल्डमधून निघालेली फाइल बिटन् बिट सारखी आहे. डेबियन प्रकल्पातले कार्यकर्ते २०१३ पासून तिसऱ्या पायरीवर काम करत आहेत. फाइलमध्ये शिरणारी बिल्डची वेळ, फोल्डरमधल्या फाइलींचा क्रम, बिल्ड जिथे झाला त्या फोल्डरचा पत्ता असे फरक त्यांनी शोधून काढून टाकले. बहुतेक टीमना दुसरी पायरी पुरते. मात्र आपण कोणत्या पायरीवर आहोत, हे टीमला ठाऊक असले पाहिजे.

३. सेटअप का मोडतो

कारणे समजायला एक नेहमीचे उदाहरण जवळून पाहू. पायथनचा प्रकल्प आहे, पोस्टग्रेसशी बोलण्यासाठी सायकोपीजी-२ हे पॅकेज वापरले आहे. टीमने शिस्तीने सगळ्या पॅकेजांच्या आवृत्त्या फाइलमध्ये लिहून ठेवल्या आहेत. नवीन सहकारी उबंटूच्या ताज्या लॅपटॉपवर पिपने इन्स्टॉल करायला जातो आणि ‘पीजी-कॉन्फिग सापडत नाही’ असा संदेश येतो. हे पॅकेज इन्स्टॉल होताना सीमधला कोड कंपाइल करते. त्यासाठी पोस्टग्रेसच्या लायब्ररीची हेडर फाइल आणि एक छोटा प्रोग्रॅम सिस्टिमवर असावा लागतो. जुन्या सहकाऱ्यांनी तो कधीतरी इन्स्टॉल केला होता आणि विसरून गेले होते. आवृत्त्यांच्या फाइलीने पहिला थर बांधला होता, बिघाड तिसऱ्या थरात होता.

ती लायब्ररी घातली तरी पुढची अडचण उभी राहते. उबंटू २२.०४ बरोबर पायथन ३.१० येतो आणि २४.०४ बरोबर ३.१२. पायथन ३.१२ मधून डिस्टयूटिल्स हे जुने मॉड्यूल काढून टाकले आहे, त्यामुळे त्यावर टेकलेली कित्येक जुनी पॅकेजे बिल्डच होत नाहीत. इथे दुसरा थर सरकला.

यातून बिघाडाची पहिली दोन कारणे निघतात. पहिले, न लिहिलेले अवलंबित्व: सेटअपला एखादी गोष्ट लागते, पण ती कुठेच नोंदलेली नसते. दुसरे, सैल नोंद: नाव लिहिलेले असते, पण त्या नावाखाली आज वेगळीच वस्तू मिळते. तिसरे कारण पुरवठा आटण्याचे. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड हे अकरा ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतले आणि बॅबेलसारख्या मोठ्या प्रकल्पांचे बिल्ड जगभर कोसळले. सेंटओएस ८ ची मुदत ३१ डिसेंबर २०२१ ला संपली, त्यानंतर त्याची पॅकेजे नेहमीच्या मिररवरून हटवली गेली आणि त्यावर आधारलेल्या असंख्य डॉकरफाइली पॅकेज इन्स्टॉल करण्याच्या पहिल्याच ओळीत अडखळू लागल्या. चौथे कारण ठिकाण बदलण्याचे. त्याचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा.

४. काय सारखे राखायचे आणि काय बदलायचे

जयपूरच्या बृहत् सम्राट यंत्राची, म्हणजे तिथल्या महाकाय सूर्यघड्याळाची, भिंत सुमारे २७ मीटर उंच आहे. तिची तिरपी कड पृथ्वीच्या आसाला समांतर आहे, म्हणजे ती क्षितिजाशी जयपूरच्या अक्षांशाएवढाच, सुमारे २६ अंश ५५ कलांचा कोन करते. दोन्ही बाजूंच्या वर्तुळखंडांवर तिची सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते. दगडाजवळ उभे राहून ही हालचाल डोळ्यांनी दिसते. यंत्राच्या आकाराचा फायदा तिथेच पटतो, कारण जे लहान यंत्रात एका रेघेत दडते ते इथे मोजता येते.

आता हेच यंत्र, दगडाला दगड जुळवून, उज्जैनला नेले असते तर? उज्जैनचा अक्षांश सुमारे २३ अंश १० कला आहे. कड पावणेचार अंशांनी जास्त उभी झाली असती आणि आसाशी समांतर राहिली नसती. सूर्य डोक्यावर आला की सावली तरीही बरोबर जागी पडली असती, कारण कड याम्योत्तर, म्हणजे उत्तर-दक्षिण, प्रतलातच राहते. चूक सकाळी आणि दुपारनंतर दिसली असती, आणि तीही ऋतूप्रमाणे कमीजास्त. म्हणजे माध्यान्हीची एकच चाचणी घेतली असती, तर चुकीचे यंत्र पास झाले असते.

जयसिंहाच्या वास्तुकारांनी तसे केले नाही. दिल्ली, जयपूर, उज्जैन या तिन्ही ठिकाणच्या सम्राट यंत्रांच्या कडा आपापल्या अक्षांशाला जुळतात. तत्त्व एक आणि कोन वेगळा. यंत्र सारखे राहावे म्हणूनच कोन बदलावा लागतो. आपल्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा नियम हाच आहे, आणि साधनांच्या चर्चेत तोच बहुधा निसटतो.

सॉफ्टवेअरच्या जगातला अक्षांश म्हणजे प्रोसेसरची जात आणि ऑपरेटिंग सिस्टिम. ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये एम-१ चिपचे मॅक आणले आणि ऑफिसांमध्ये दोन अक्षांश शेजारी शेजारी बसू लागले: इंटेल-एएमडीचे लॅपटॉप आणि एआरएमचे मॅक. इंटेलसाठी बांधलेली डॉकर इमेज मॅकवर चालते, पण एम्युलेशनमधून, म्हणजे संथ, आणि काही प्रोग्रॅम त्यात अडखळतात. साध्या चाचण्या पास होतात, माध्यान्हीच्या सावलीसारख्या, आणि दोष नेमक्या गर्दीच्या वेळी बाहेर येतो.

ठिकाणाचे दुसरे अंगही जयपूरच शिकवते. सम्राट यंत्र स्थानिक सौर वेळ दाखवते. जयपूर ७५ अंश ४९ कला रेखांशावर आहे आणि भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० कलांवरून मोजली जाते. त्यामुळे वाचनात सुमारे २७ मिनिटे मिळवावी लागतात, आणि शिवाय दिवसागणिक बदलणारे कालसमीकरण. ही दुरुस्ती निरीक्षकाला माहीत असते, कारण ती वाचनाच्या रीतीचाच भाग आहे. टाइम झोन आणि लोकेल यांच्याबाबतीत सॉफ्टवेअरनेही तसेच वागावे. लॅपटॉप भारतीय वेळेवर, सर्व्हर यूटीसीवर आणि चाचण्या ज्याच्या त्याच्या घड्याळावर, असे असेल तर तारखेचा प्रत्येक हिशेब संशयास्पद ठरतो.

५. निकष

वरच्या विवेचनातून साधनाला विचारायचे सहा प्रश्न निघतात.

पहिला, व्याप्ती: पाच थरांपैकी कोणते थर हे साधन बांधते? दुसरा, नेमकेपणा: ते नावावर विश्वास ठेवते की आशयाच्या हॅशवर? तिसरा, अक्षांश: दोन प्रकारच्या प्रोसेसरवर आणि दोन ऑपरेटिंग सिस्टिमवर तीच कृती चालते का? चौथा, आयुष्य: पाच वर्षांनी, मूळ पुरवठादार नाहीसे झाले तरी सेटअप उभा राहील का?

पाचवा, तुटलेली जोडणी. २६ सप्टेंबर २०२१ ला रीट या शिक्षक पात्रता परीक्षेच्या दिवशी जयपूरसह राजस्थानातल्या अनेक जिल्ह्यांत मोबाइल इंटरनेट बंद ठेवले होते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्याला अशा दिवशी एकही पॅकेज डाउनलोड करता येत नाही. डॉकर हबनेही २०२० पासून फुकट वापरावर डाउनलोडची मर्यादा घातली आहे, आणि लॉगिन न करता वापरल्यास ती आयपी पत्त्यावर मोजली जाते. संपूर्ण ऑफिस एकाच पत्त्यामागे असेल तर ती लवकर संपते. म्हणून विचारावे: साठा जवळ ठेवता येतो का?

सहावा, माणसे आणि पैसा: हे साधन टीममध्ये किती जणांना समजते, बिघडले तर दुरुस्त कोण करणार, परवाना काय म्हणतो? डॉकर डेस्कटॉप २०२१ पासून २५० हून अधिक कर्मचारी किंवा एक कोटी डॉलरहून अधिक वार्षिक उत्पन्न असलेल्या कंपन्यांना सशुल्क आहे. व्हेग्रंटचा परवाना २०२३ मध्ये बदलला. आज फुकट मिळते म्हणून निवडलेले साधन उद्याही तसेच राहील, हे गृहीत धरू नये.

६. साधनांचे परीक्षण

भाषेपुरती साधने. पायथनचे वेंव्ह, पोएट्री आणि यूव्ही, जावास्क्रिप्टच्या लॉकफाइली, रस्टचा कार्गो ही सगळी पहिला थर बांधतात. यूव्ही दुसऱ्या थरालाही हात घालते, कारण ते पायथनची हवी ती आवृत्तीही आणून देते. ती हलकी आहेत, शिकायला तासभर पुरतो, आणि वेंव्ह सोडले तर बाकीच्यांच्या लॉकफाइलीत हॅश असतो. तिसऱ्या थराविषयी मात्र ती गप्प असतात.

आवृत्ती बदलणारी साधने. एएसडीएफ आणि मीझ प्रकल्पाच्या फोल्डरनुसार पायथन, नोड, रूबी यांची योग्य आवृत्ती पुढे करतात. दुसऱ्या थरासाठी ती सोयीची आहेत. तिसऱ्या थरात ती आधीच उभ्या असलेल्या सिस्टिमवर विसंबतात.

कोंडा. हे २०१२ पासून आहे आणि विज्ञानाच्या क्षेत्रात खूप रुजले आहे. पायथनबरोबर सी आणि फोरट्रानच्या लायब्रऱ्याही ते आणते, त्यामुळे तिसऱ्या थराचा मोठा भाग हाती येतो. ॲनाकोंडा कंपनीच्या चॅनलवर मोठ्या संस्थांना शुल्क आहे. कोंडा-फोर्ज हे समुदायाचे चॅनल त्यापासून मोकळे आहे. फक्त नावांची यादी ठेवली तर नोंद सैल राहते, म्हणून लॉकफाइल बनवणे अत्यावश्यक.

कंटेनर. डॉकर मार्च २०१३ मध्ये जगासमोर आले आणि त्याने चौथा थर सोपा करून दाखवला. पोस्टग्रेस, रेडिस आणि आपला प्रोग्रॅम एका कंपोज फाइलीतून उभे राहतात. पॉडमन आणि डेव्ह कंटेनर ही त्याच कुळातली. इथे इमेज आणि डॉकरफाइल यांत भेद केला पाहिजे. इमेज ही उभी इमारत. तिचा डायजेस्ट लिहून ठेवला आणि ती जपून ठेवली, तर ती तशीच्या तशी पुन्हा चालते. डॉकरफाइल कृतीसारखी दिसते, पण ‘पॅकेजांची यादी ताजी कर आणि इन्स्टॉल कर’ ही तिच्यातली ओळ आज एक देते आणि पुढच्या महिन्यात दुसरेच. जी कृती दर वेळी वेगळे फळ देते, तिच्यावर ‘तेच’ या शब्दाची हमी देता येत नाही. शिवाय मॅक आणि विंडोजवर हे सगळे एका लिनक्स आभासी यंत्राच्या आत चालते.

आभासी यंत्रे. व्हेग्रंट २०१० चे. कर्नलपर्यंतचे सगळे थर ते कवेत घेते, म्हणून कर्नल मॉड्यूल किंवा नेटवर्कच्या कामात त्याची जागा आहे. रोजच्या वेब प्रकल्पासाठी ते जड पडते.

निक्स आणि गीक्स. निक्सची कल्पना युट्रेख्त विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा यांनी मांडली. त्यांचा प्रबंध २००६ चा. प्रत्येक पॅकेजची जागा एका हॅशने ठरते, आणि तो हॅश त्याच्या सर्व आदानांवरून काढलेला असतो: मूळ कोड, कंपायलर, बिल्डचे पर्याय, खालच्या लायब्रऱ्या, आणि कोणत्या सिस्टिमसाठी बांधायचे तेही. ओपनएसएसएलचा एक पॅच बदलला तर त्यावर टेकलेल्या प्रत्येक पॅकेजचा हॅश बदलतो. जुने आणि नवे शेजारी शेजारी राहतात, एकमेकांना धक्का लावत नाहीत. मागच्या उदाहरणातला सायकोपीजी-२ इथे बिल्डच होणार नाही, जोपर्यंत पोस्टग्रेसची लायब्ररी कृतीत लिहिलेली नाही, कारण बिल्ड एका बंद खोलीत होतो आणि तिथून सिस्टिमवरची उसनी वस्तू दिसत नाही. न लिहिलेले अवलंबित्व पहिल्याच दिवशी, लिहिणाऱ्याच्याच लॅपटॉपवर उघडे पडते. आणि एकच कृती लिनक्सवर आणि मॅकवर, इंटेलवर आणि एआरएमवर आपापल्या कोनात बांधली जाते. चौथ्या कलमात सांगितलेला नियम इथे थेट साधनाच्या रचनेतच आहे.

गीक्स हे ग्नू प्रकल्पातले, २०१२ चे, त्याच तत्त्वावरचे, स्कीम भाषेत लिहिलेले साधन. जुन्या तारखेच्या पॅकेजसंग्रहात परत जाण्याची त्याची आज्ञा संशोधकांना फार उपयोगी आहे. मूळ कोड आंतरजालावरून नाहीसा झाला तर ते सॉफ्टवेअर हेरिटेज या सार्वजनिक संग्रहाकडे वळते. मात्र ते मॅकवर थेट चालत नाही. निक्सलाही विंडोजवर डब्ल्यूएसएल लागते.

दोन्हींची खरी किंमत शिकण्यात आहे. निक्सची भाषा अपरिचित आहे, चुकांचे संदेश लांबलचक येतात, डिस्कची जागा भरपूर लागते. डेव्हबॉक्स आणि डेव्हएन्व्ह ही वरची आवरणे रोजच्या वापरात ती भाषा झाकतात किंवा सोपी करतात, आणि नवख्या टीमने सुरुवात तिथूनच करावी.

७. निर्णय

एकाच भाषेचा, काही महिन्यांचा, तीन-चार जणांचा प्रकल्प असेल तर भाषेचे साधन आणि त्याची लॉकफाइल घ्यावी, आणि सेवांसाठी कंपोज फाइल. याहून जास्त बांधणे हा वेळेचा अपव्यय आहे. गणिती किंवा वैज्ञानिक पायथन असेल तर कोंडा-फोर्ज आणि लॉकफाइल. पूर्ण टीम लिनक्सवर आहे आणि सर्व्हरही कंटेनरवरच आहे, तर डेव्ह कंटेनर पुरतो. अट एवढीच की मूळ इमेज डायजेस्टने बांधलेली हवी आणि तयार इमेज आपल्या रजिस्ट्रीत साठवलेली हवी.

टीममध्ये मॅक आणि लिनक्स मिसळलेले आहेत, दोन-तीन भाषा आहेत, किंवा प्रकल्प वर्षानुवर्षे सांभाळायचा आहे, तर निक्स घ्यावे. सुरुवात आवरणातून करावी, आणि निदान दोन माणसांना आतली भाषा शिकवावी. एकच जाणकार असणे हेही एक न लिहिलेले अवलंबित्वच आहे. संशोधनाचे निष्कर्ष दहा वर्षांनी तपासता यावेत अशी गरज असेल आणि लिनक्स चालत असेल, तर गीक्स.

८. पडताळणी

निवड झाल्यावर तपासणी सुरू होते. जयसिंहाने पोर्तुगालहून ला हीर या फ्रेंच खगोलज्ञाची कोष्टके मागवली, आपल्या वेधांशी ताडून पाहिली आणि चंद्राच्या स्थानात सुमारे अर्ध्या अंशाचा फरक नोंदवला. युरोपचा छापील अधिकारही त्याने वेधाशिवाय मानला नाही. आपणही तसेच करावे. कोऱ्या यंत्रावर, कोणालाही काही न विचारता, फक्त लिहिलेल्या कृतीने सेटअप उभा करावा. दुसऱ्या प्रोसेसरवर तो पुन्हा करावा. नेटवर्क बंद करून पाहावा. महिन्याने परत करावा, आणि ही फेरी बिल्ड सर्व्हरवर आपोआप चालेल अशी लावून द्यावी. टाइम झोन मुद्दाम बदलून चाचण्या चालवाव्यात. माध्यान्हीच्या सावलीवर थांबू नये.

९. दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की इमेज जपून ठेवली की काम भागते, कृतीचा खटाटोप कशाला? मथुरेच्या वेधशाळेकडे पाहावे. ती पाडली गेली, आज तिथे काही उरलेले नाही. उलट जयपूरची यंत्रे काळाने झिजली, तरी १९०१ च्या सुमारास लेफ्टनंट गॅरेट आणि चंद्रधर शर्मा गुलेरी यांनी त्यांचा जीर्णोद्धार केला. ते शक्य झाले, कारण यंत्राचा कोन का असा आहे, खुणा कशा पाडायच्या, हे शास्त्र म्हणून जिवंत होते. उज्जैनची वेधशाळाही पुढे ग्वाल्हेरच्या शिंदे संस्थानाच्या काळात, १९२३ मध्ये, दुरुस्त झाली. इमेजमध्ये सुरक्षेची एक लायब्ररी बदलायची वेळ आली की कृती नसलेली टीम मथुरेच्या जागी उभी असते. त्याच वेळी फक्त कृती असणेही पुरेसे नाही, कारण पुरवठा आटतो. म्हणून कृती रिपॉझिटरीत आणि साठा जवळच्या कॅशमध्ये, असे दोन्ही ठेवावेत.

दुसरा आक्षेप असा की बिटन् बिट सारखेपणा ही विद्यापीठी हौस आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत पेरलेला चोरदरवाजा उघडकीस आला. प्रसिद्ध केलेल्या टार-फाइलीत अशी बिल्डची ओळ होती, जी उघड कोडसंग्रहात नव्हती. उघड कोडपासूनच बिल्ड करायचा आणि निघालेली फाइल वितरित फाइलीशी ताडून पाहायची, ही सवय अशा फसवणुकीला लपायला जागा ठेवत नाही. प्रत्येक टीमला हे स्वतः करायला नको, पण जे करतात त्यांच्या कामावर आपल्या सगळ्यांचा विश्वास उभा आहे.

१०. निष्कर्ष

जयसिंहाच्या दरबारातले जगन्नाथ सम्राट मूळ महाराष्ट्रातल्या वैदिक घराण्याचे. त्यांनी युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ म्हणून आणि टॉलेमीचा ग्रंथ ‘सम्राट सिद्धांत’ म्हणून अरबीतून संस्कृतात आणला. दगडी यंत्रांमागची भूमिती वाचता येईल अशा रूपात लिहून ठेवणे, हाही त्या वेधशाळांच्या उभारणीचाच भाग होता. आपल्या कामातही सेटअपची कृती हे कोडइतकेच पहिल्या दर्जाचे लिखाण मानले पाहिजे: ती रिपॉझिटरीत राहावी, तिच्यातला प्रत्येक बदल तपासला जावा, आणि ती चालवून पाहण्याची जबाबदारी एका नावावर असावी. साधन निवडताना अखेर इतकेच पाहावे. जे आपल्या न लिहिलेल्या गोष्टी पहिल्याच दिवशी उघड्या पाडते आणि आपला अक्षांश स्पष्ट लिहायला लावते, ते साधन शिकायला अवघड असले तरी घ्यावे. जे त्या गोष्टी झाकून ठेवते, ते सोपे असले तरी छोट्या, अल्पायुषी कामापुरतेच ठेवावे.